मदत हवी आहे: पोपट घरातल्यांना रक्त निघेपर्यंत चावतोय, लवकर सांगा

घरकुलवाला | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. आमचा पिंट्या दीड महिन्यापासून वेड्यासारखा वागतोय. आधी इतका गरीब होता की कुणाच्याही खांद्यावर जाऊन बसायचा. आता बायको पिंजऱ्याजवळून नुसती गेली तरी जाळीवर धावून येतो. परवा आईच्या करंगळीचा लचका काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. माझ्याशी गोड असतो, पण तेही धड नाही. मांडीवर बसल्या बसल्या डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी करतो आणि अचानक चावतो. ओरडणं असं की शेजारचे काका दोनदा दारात येऊन गेले.

बाबांनी सांगितलंय, रविवारपर्यंत सुधारला नाही तर परत देऊन टाक. दुकानात विचारलं तर त्यांनी लिव्हर टॉनिक दिलं, काही फरक नाही. एखादं औषध, ड्रॉप्स असतील तर नाव सांगा. सोलापुरात मिळेल असंच सांगा.

चिमणचारा | मंगळवार, सकाळी ६:३०

कोणता पोपट? वय काय? नर की मादी? पिंजरा कुठे ठेवता, खायला काय देता, झोपतो किती वाजता? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. औषधाचं नाव असं कसं सांगणार?

अशोकचौक | मंगळवार, सकाळी ८:१०

माझा पण असाच करलालता. जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळायचं आणि शांत होईस्तोवर धरून बसायचं. रोज दहा मिनिटं. आठ दिवसांत जिद्द मोडते. मालक कोण ते कळलं पाहिजे त्याला.

कंबरतलाव | मंगळवार, सकाळी ९:०५

आधी एक स्पष्ट करा. हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट असेल तर तो घरात ठेवणंच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. कंठवाला असो की पहाडी, आपल्याकडचा कुठलाही देशी पोपट पाळता येत नाही. बाजारात लपूनछपून विकतात आणि लोक घेतात, म्हणून पिल्लं ढोलीतून काढली जातात. तसं असेल तर या धाग्यावर सल्ला मागण्यापेक्षा वनविभागाला कळवा. स्वतः सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर दोन दिवस टिकत नाही.

घरकुलवाला | मंगळवार, दुपारी १:२०

अहो हिरवा नाही. पिवळा-केशरी आहे, सन कोन्यूर. अडीच-तीन वर्षांचा. नर आहे, दुकानदारानेच सांगितलं होतं. पिंजरा हॉलमध्ये. खाणं नेहमीचंच. औषधाचं सांगा.

कंबरतलाव | मंगळवार, दुपारी १:४५

मग परदेशी जातींच्या नोंदणीचं बघा. २०२४ साली नियम आले, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कोन्यूर त्यात येतो. परत द्यायचा म्हणता, पण मालक बदलला की तेही तिथे कळवावं लागतं.

घरकुलवाला | मंगळवार, दुपारी १:५०

नोंदणी केलेली आहे. कृपया विषयावर बोला.

पाखरूवेडी | मंगळवार, दुपारी ३:१५

दादा, सन कोन्यूरमध्ये नर-मादी दिसायला सारखेच असतात. पिसावरून किंवा रक्तावरून डीएनए तपासणी केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही. त्यामुळे तुमचा पिंट्या मादी असू शकतो हे धरून चला. ते महत्त्वाचं का, ते पुढे सांगते.

साधारण दोन वर्षांनंतर हे पक्षी वयात येतात. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं त्याचीच वाटतात. पण दीड महिन्यापूर्वी घरात काय बदललं? नीट आठवून लिहा. तो कधी तुमच्या हातावर उलटी करतो का?

शेंगापोळी | मंगळवार, दुपारी ४:००

मिरची देत असाल तर आधी बंद करा. उन्हाळा काय आहे बघा, त्यात हिरवी मिरची. अंगात उष्णता वाढते आणि पक्षी चिडका होतो. पाण्यात सब्जा भिजवून द्या, थोडा गुलकंद.

चिमणचारा | मंगळवार, दुपारी ४:२०

पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तर रानात तेच मिरचीचं बी पसरवतात. मिरचीने काही बिघडत नाही. गुलकंद मात्र नको, निव्वळ साखर आहे.

शेंगापोळी | मंगळवार, दुपारी ४:३१

आमच्या आजीकडे वीस वर्षं पोपट होता. अनुभवाचं सांगतोय, पुस्तकातलं नाही.

घरकुलवाला | मंगळवार, रात्री ११:४०

बदललं काहीच नाही. उलटी करतो, हो. मान वरखाली करतो आणि दाणे माझ्या बोटावर काढून ठेवतो. पोट बिघडलंय असं वाटून ते टॉनिक आणलं होतं.

घरात म्हणाल तर फेब्रुवारीत माझं लग्न झालं. आधी पिंजरा माझ्या खोलीत असायचा, आता हॉलमध्ये. मार्चपासून कूलरसाठी सगळेच रात्री हॉलमध्ये असतो. आई विड्या वळते, तिचं सूप तिथेच असतं, त्यामुळे लाइट साडेअकरा-बारापर्यंत चालूच. पिंट्याला एकटं वाटू नये म्हणून लाकडी पेटी आणून लावली, तो तिच्यातच जाऊन बसतो. आई पेटी झाडायला गेली तेव्हाच चावला. रात्री मी त्याला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवतो तासभर, तेवढाच वेळ मिळतो. खायला सूर्यफूल, भिजवलेले शेंगदाणे, मक्याचं कणीस उकडून गरम गरम. पूर्वी एवढं देत नव्हतो, हल्ली जास्त देतो. आईच्या सुपातली पानं पळवून भुगा करत बसतो, तेवढाच खेळ.

यात पोपटाला राग यायचं काय आहे?

पाखरूवेडी | बुधवार, सकाळी ७:०५

दादा, आधी तातडीचं. सुपातली पानं आजपासून बंद, आजपासून म्हणजे आत्तापासून. सुपात तंबाखू असते, पानांना तिची भुकटी लागलेली असते आणि निकोटीन पक्ष्याला विष आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव आहे तो. आईंना सांगा, विड्या वळून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आता बाकीचं. त्याला राग आलेला नाही. तुम्ही जे जे मायेने केलंत, त्या सगळ्याचा त्याच्या शरीराने एकच अर्थ घेतला, की घरटं करायची वेळ झाली.

पेटी म्हणजे ढोली. कोन्यूर रानात झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. अंधारी, बंद जागा मिळाली की तिची राखण सुरू, आणि आईंचा हात त्याच राखणीत सापडला. बारा वाजेपर्यंत लाइट म्हणजे त्याच्यासाठी लांबलेला दिवस. भरपूर चरबीचं आणि मऊ गरम खाणं म्हणजे सुगी, पिल्लं वाढवायला हरकत नाही. पानं फाडणं हेही घरट्याचंच काम. बोटावर दाणे काढतो ती उलटी नाहीच, जोडीदाराला भरवणं आहे. खरी उलटी झाली तर पक्षी डोकं झटकतो, दाणे इकडेतिकडे उडतात, डोक्याची पिसं चिकट होतात आणि तो मलूल दिसतो. तसं दिसलं तर दवाखाना.

आणि पाठीवरून हात. पक्ष्यांमध्ये पाठीला, पंखाखाली, शेपटीजवळ फक्त जोडीदार हात लावतो, म्हणजे चोच लावतो. तुम्ही रोज तासभर त्याला सांगताय की मी तुझा जोडीदार, आणि मग उठून निघून जाता. तो चावेल नाही तर काय करेल?

पेटी आजच काढा, तो पेटीबाहेर असताना आणि त्याला दिसणार नाही अशी. पिंजऱ्यातल्या काठ्या, भांडी यांच्या जागा बदला. हात फक्त डोक्यावर आणि मानेला. बारा तास पूर्ण अंधार आणि शांतता, यात तडजोड नाही. सूर्यफूल आणि शेंगदाणे रोजचे बंद, बक्षीस म्हणून एखादा दाणा. ज्वारी, राळे, गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर द्या, आणि तेही कागदाच्या पुड्यांत बांधून, शोधून खायला लागेल असं. बाहुली बारीक-मोठी व्हायला लागली की हात मागे, त्याने केव्हाच इशारा दिलेला असतो. चावला तर ओरडायचं नाही, फटका नाही, शांतपणे पिंजऱ्यात ठेवायचं आणि पाठ फिरवायची.

मादीचं म्हणाले ते यासाठी. पोट फुगलेलं दिसलं, पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, जोर लावतेय, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय, तर अंडं अडकलेलं असू शकतं. त्या वेळी इथे विचारत बसू नका, लगेच पक्ष्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांकडे. समुद्रफेस, म्हणजे माखलीचं हाड, पिंजऱ्यात टांगून ठेवा, कॅल्शियम मिळतं.

अशोकचौक | बुधवार, सकाळी ९:३०

एवढं सगळं रविवारपर्यंत कुठे होणार? टॉवेलाने फरक पडतो म्हणून सांगलालो.

पाखरूवेडी | बुधवार, सकाळी ९:५०

दादा, फरक पडतो कारण पक्षी हार मानतो. माझ्या पहिल्या कोन्यूरला मी तेच केलं होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून. चावायचा थांबला, पण नंतर हात दिसला की कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. वर्षभर हातावर आला नाही. शिवाय पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावी लागते, घट्ट आवळलं तर गुदमरतो. पक्ष्याला टॉवेल डॉक्टरांकडे धरण्यापुरता, शिक्षेसाठी नको.

अक्कलकोटस्टँड | बुधवार, दुपारी १२:१५

सरळ जोडी आणून द्या. निसर्गाच्या विरुद्ध का जाताय? त्याचं लग्न लावा, तुमचंही झालंच आहे.

चिमणचारा | बुधवार, दुपारी १२:४०

नर की मादी माहीत नाही, दुसरा कुठला आणणार? दोन नर एकमेकांना जखमी करतील. जोडी जमली तर दोघं मिळून पेटी राखतील आणि घरातल्या सगळ्यांना चावतील. पिल्लं झाली तर त्यांचं काय? या घरात एकाला शांत झोपायला जागा नाही.

कंबरतलाव | बुधवार, दुपारी १:००

आणि प्रत्येक पिल्लाची नोंद करावी लागेल.

भीमाकाठ | बुधवार, दुपारी २:३०

माझा बजरी पोपट, दोन वर्षं झाली, अजून बोलत नाही. काय शिकवावं? मी रोज श्लोक लावतो मोबाइलवर.

घरकुलवाला | बुधवार, रात्री १०:१५

पेटी काढली. काढल्यापासून नुसता बोंबलतोय, बघवत नाही. पानं बंद केली, आई घाबरलीच ते वाचून.

पण बारा तास अंधार कुठून आणू? आईचं काम थांबवता येत नाही, हजार विड्यांचा हिशोब असतो. वरची खोली पत्र्याची, उन्हात भट्टी. स्वयंपाकघरात जागा नाही. पिंजऱ्यावर चादर टाकली तर चालेल का?

शेंगापोळी | बुधवार, रात्री १०:३०

चादर आपली सोलापुरी असेल तर उजेडाचा कणही जात नाही.

पाखरूवेडी | बुधवार, रात्री १०:४५

एप्रिलअखेर आहे, जाड चादर अजिबात नको. बेचाळीस अंशांत आत कोंडून जीव जाईल. टाकायचंच तर आईंचं जुनं सुती लुगडं, आणि एक बाजू उघडी. पण टीव्हीचा आवाज, माणसांची ये-जा हे कापडाने थांबत नाही. स्वयंपाकघर नकोच, नॉनस्टिक भांडं तापून जो धूर निघतो त्याने पक्षी मरतात. झोपायला वेगळी जागा शोधाच. छोटा पिंजरा चालतो रात्रीपुरता.

घरकुलवाला | गुरुवार, सकाळी ११:१०

मी यांची बायको लिहितेय, त्यांच्याच नावाने. सगळे प्रतिसाद वाचले.

पिंट्या ज्या कोपऱ्यात इतकी वर्षं झोपायचा तिथे आता माझं कपाट आहे. मला हे कुणी सांगितलंच नाही. मी कपाट दुसऱ्या भिंतीला घेते. आमची खोली रात्री दहापर्यंत रिकामीच असते, नंतरही अंधारच असतो. खिडकीला पडदा आहे. चालेल ना?

आणि मला एवढंच विचारायचंय, मी त्याच्याशी कसं वागू? मला त्याची भीती वाटते आणि त्याला ते कळतं असं वाटतं.

पाखरूवेडी | गुरुवार, सकाळी ११:४०

वहिनी, चालेल काय, याहून चांगली जागा नाही.

तुमच्यासाठी: हात पुढे करूच नका सध्या. सूर्यफूल त्याला सगळ्यात आवडतं ना? मग घरात सूर्यफूल फक्त तुम्हीच द्यायचं, दिवसाला चार-पाच दाणे. पहिले काही दिवस लांबून वाटीत टाका आणि निघून जा. तो धावून आला नाही की मग चमच्याने. बाहेर काढायचं तर बोटावर नाही, काठीवर घ्या. तो दादांच्या खांद्यावर असताना तुम्ही जवळ जाऊ नका आणि दादांनी त्याला खांद्यावर घेऊच नये काही महिने. चेहऱ्याजवळ चोच नको.

भीती वाटते तर लांब राहा, जबरदस्तीने धीट होऊ नका.

चिमणचारा | गुरुवार, दुपारी १२:०५

सकाळी पाण्याचा फवारा मारा, साध्या बाटलीने. अंघोळ झाली की पिसं साफ करण्यात वेळ जातो आणि उन्हाळ्यात बरंही वाटतं.

अशोकचौक | गुरुवार, दुपारी १२:३०

आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी. माणसांना पुरत नाही.

चिमणचारा | गुरुवार, दुपारी १२:३४

अर्धा पेला लागतो हो.

भीमाकाठ | गुरुवार, दुपारी ३:००

बजरीचं कुणी सांगेल का?

घरकुलवाला | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:२०

उशिरा लिहितोय. बाबांकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पेटीच्या जागेवर जाऊन जाळी खरडायचा, सोफ्याखाली शिरायला बघायचा. मलाही दोनदा चावला. मी मांडीवर घेणं बंद केलं ते मला जास्त जड गेलं. आता साडेसातला खोलीत जातो, सकाळी साडेसातला बाहेर. दाणे काढून ठेवणं जवळपास बंद झालंय. ओरडणं सकाळ-संध्याकाळ आहेच, पण सलग नाही. शेजारचे काका आले नाहीत परत.

पुण्याला जाऊन डॉक्टरांना दाखवून आलो. वजन बरोबर आहे, यकृत ठीक आहे. तपासणीसाठी रक्त दिलंय, नर-मादी कळेल. हार्मोनचं इंजेक्शन असतं म्हणाले, पण वातावरण बदलून भागत असेल तर आत्ता नको.

आईवर अजून धावतो. बायकोच्या हातातल्या चमच्यातून दाणा घेतो, परवापासून.

पाखरूवेडी ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी औषध मागत होतो.

अक्कलकोटस्टँड | रविवार, दुपारी १:१०

छान झालं. ती लाकडी पेटी विकणार का? माझ्या लव्हबर्डना हवी आहे, दोघं फार चिडचिड करतायत.

चिमणचारा | रविवार, दुपारी १:१५

वय काय? पिंजरा कुठे ठेवता? लाइट किती वाजता बंद होतो?