दाबोळी ते मोपा: तुमचेही किस्से येऊ द्या

काल भाच्याने तिकिटाचा फोटो पाठवला. गोव्यातले दोन विमानतळ: उतरायचं मोपाला, परतीचं दाबोळीहून. खाली प्रश्न, 'मावशी, दोन्ही गोवाच ना?' त्यावरून एक जुनी रात्र आठवली. मोपाहून प्रवासी विमानं सुरू झाली ५ जानेवारी २०२३ला, त्याच वर्षीचा पावसाळा. दीर दाबोळीला गाडी घेऊन उभे, सासूबाई मोपाला ट्रॉली धरून उभ्या. दोघंही फोनवर मला पुण्यात सांगतायत, 'मी गेटवरच आहे!' शेवटी म्हटलं, 'आई, पाटीवर काय लिहिलंय ते वाचा बघू.' त्यांनी सावकाश वाचलं, 'मनोहर आंतरराष्ट्रीय...' झालं, हे तर मोपाचं नाव! मुसळधार पावसात दीर पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेला. तोवर सासूबाईंनी शेजारच्या बाईंच्या मुलीला स्थळसुद्धा सुचवलं होतं.

खिडकीची_सीट: कोड बघायचा ओ. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. नुसतं 'गोवा' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, तिथंच घोळ.

मडगावची_सून: पहाटेचं विमान आणि तेही मोपाहून, म्हणजे आमची रात्र गेलीच. जुवारीचा नवा पूल झाला, कुठ्ठाळीचा वनवास संपला. पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघालं आणि सगळी कोंडी तिकडे सरकली. मॅप दीड तास दाखवतो, मी अडीच धरून निघते. नवरा म्हणतो लवकर जाऊन काय करणार? बसणार! कुकर झाला, येते परत.

बांदेकर_नाना: आमका सावंतवाडीवाल्यांक मोपाच बरो. बांदा सोडलो की इलोच. सिंधुदुर्गातलो चिपीचो विमानतळ २०२१त सुरू झालो तेव्हा आमी पेढे वाटलेले, पण आता मुंबैक जावचा तर पयलो मोपाच बघतंव.

कॉफी_कडक: मावशी, त्या स्थळाचं काय झालं??

निवृत्त_पण_व्यस्त: दाबोळी मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. धावपट्टी त्यांची, सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला, उरलेल्या वेळात आपण. म्हणून दुसरा विमानतळ हवाच होता. पण मोपा पेडण्यात, पार उत्तरेच्या टोकाला. दक्षिण गोव्यातले लोक दाबोळी बंद होऊ देईनात ते उगाच नाही. भाच्याला सांगा, शेवटचा मुक्काम मडगाव-वास्कोकडे ठेव.

खिडकीची_सीट: +१. आणि मोपाला रेल्वेने जायचा बेत असेल तर पेडणे स्टेशन जवळ, पण बऱ्याच गाड्या तिथे न थांबता थिवीला थांबतात. तिकीट काढायच्या आधी बघा.

मडगावची_सून: आले. नाना, सावंतवाडीला आंबोळी कुठली चांगली हो?

बांदेकर_नाना: घरची. येवा!

कॉफी_कडक: स्थळ!!

धागाकर्ती: अगं पत्रिका जुळली नाही. पण त्या बाई अजून सासूबाईंना रोज सुप्रभात पाठवतात.

नवीन_सदस्य: विषय वेगळा आहे, पण सुके बांगडे विमानात चालतात का?

मडगावची_सून: केबिनच्या बॅगेत नको रे बाबा. मोठ्या बॅगेत, पिशवीवर पिशवी बांधून. तरी पट्ट्यावर कुठली बॅग आपली ते डोळे मिटून कळतं 😄