मदत हवी आहे: केव्हलारमधून धागा ओढताना घर्षण दर वेळी वेगळं येतंय

नमस्कार मंडळी. टेक्स्टाइल किंवा कंपोझिटवाले कोणी असाल तर जरा सांगा.

साध्या विणीच्या केव्हलार (बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात तो मजबूत धागा) कापडावर सिलिका आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं मिश्रण चढवतेय, झटका बसला की घट्ट होणारं. इथेनॉलमध्ये पातळ करून कापड बुडवायचं, रोलरमधून पिळायचं, ८० अंशांच्या ओव्हनमध्ये इथेनॉल उडवायचं. मग एकच उभा धागा ओढून काढायचा आणि बळ नोंदवायचं.

कोऱ्या कापडाचा आलेख हवा तसा येतो. आधी धाग्याची वळणं सरळ होतात, बळ शिखर गाठतं, मग धागा एकेक आडवा धागा ओलांडत जातो तसं बळ करवतीच्या दात्यांसारखं खाली उतरतं. सिलिकावाल्यात शिखर बरंच वर जातं, तेही ठीक. गोम आहे नुसतं ग्लायकॉल लावलेल्या तुकड्यांत. कधी धागा सहज सुटतो, कधी कोऱ्याइतकाच अडतो. पुण्यातला जुलै, लॅबला एसी नाही आणि ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पहिला संशय त्यावर. दुसरा कापड धरणाऱ्या क्लॅम्पवर, कारण बाजूचा ताण जरा वाढला तरी बळ वाढतं. गाइड म्हणतात सरासरी काढ. मला काही ते पटत नाही.

नमुने टेस्टपर्यंत डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावेत, की २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला स्थिरावू द्यावेत? आणि बाजूचा ताण कायम राहील असा जिग (कापड धरून ठेवणारी चौकट) भोसरीकडे कोणी स्वस्तात करून देतं का? स्टायपेंड अजून आलेला नाही, तेव्हा स्वस्तात हे महत्त्वाचं.