गोल्डस्मिथ्स हॉल, शनिवार: भरिताचं काय करायचं?

प्रेषक: ताई (हॅरो)
लंडनच्या सोनारांच्या संघाचा गोल्डस्मिथ्स हॉल बघायला ३१ नावं पाठवली. मागच्यासारखं आदल्या रात्री "आमचे पाहुणे पण येतील" चालणार नाही. सव्वादहाला सेंट पॉल्स स्टेशनबाहेर; तिथे पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी बसने यावं. एकच अडलंय. नानांचं भरीत. पातेली घेऊन हॉलमध्ये कसं शिरायचं?

प्रेषक: नाना
पातेली नाही, एक पातेलं आणि कळण्याच्या भाकरींचा डबा. तुर्की दुकानातली वांगी, ती पण गॅसवर. कपाशीच्या काड्यांची चव मी कुठून आणू? तरी दरवर्षी मीच करतो, आणि दरवर्षी अडतं ते भरितावरच. दाराशी पाळीपाळीने एकेकाने बसावं.

प्रेषक: जिभाऊ
नाना, दाराशी बसीसन काय दिखी? वास्तुविशारद हार्डविकने १८३५ मध्ये बांधून पुरा केलेला हॉल आहे तो. रंगीत संगमरवराचा जिना, झुंबरं, ते सोडून पातेलं राखायचं? शेजारी पोस्टमन्स पार्क आहे, चालत पाच मिनिटं. बाकंही आहेत. एकाने भरीत घेऊन तिथे थांबावं, बाकीचे बघून आले की जेवू.

प्रेषक: अक्का
त्या बागेत दुसऱ्याला वाचवताना जीव गेलेल्यांच्या टाइला आहेत भिंतीवर. कुणी आगीत गेलं, कुणी पाण्यात. त्यांच्यासमोर भरीत-भाकरी? मला नाही पटत.

प्रेषक: जिभाऊ
अक्का, ती भिंत १९०० पासून आहे. ऑफिसवाले रोज दुपारी तिच्यासमोरच सँडविच खातात.

प्रेषक: अक्का
सँडविचचा ठसका लागत नाही.

प्रेषक: वहिनी (क्रॉयडन)
जेवणाचं तुम्ही ठरवा. सासूबाईंची जळगावची पोत तिथे तपासून देतील का? मागे एका सराफाने मोडीत घेताना इतकी घट सांगितली की त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

प्रेषक: भाऊ (घरी सोन्याचंच काम)
वहिनी, पोत नेऊ नका, शनिवारी आपण नुसते बघे. घटीचं म्हणाल तर जुन्या पोतीत डाख (जोडकामाचा हिणकस धातू) असतो, मण्यांत लाख असते. मणी २२ कॅरेटचे असले तरी आख्खा दागिना ९१६ (हजारात ९१६ भाग सोनं) भरत नाही. माझे वडील कसोटीवर कस लावायचे, तो वरवरचाच. भट्टीची परीक्षा खरी: खरवडलेला कण शिसं-चांदीबरोबर तापवायचा, हिणकस शिशाबरोबर जातं, मग चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची. उरलं ते सोनं. वजन करा, कस कळतो. लंडनच्या सोनारांना १४७८ पासून माल याच जागेवरच्या हॉलमध्ये आणून शिक्का घ्यावा लागायचा, म्हणून तो 'हॉलमार्क'. आपल्याकडे सक्ती आली २०२१ ला! इथला शुद्धतेचा, बिबट्याच्या तोंडाचा शिक्का तर १३०० पासूनचा. ब्रिटनच्या टांकसाळीची नाणीही दरवर्षी इथेच पारखतात, १८७१ पासून.

प्रेषक: वहिनी
म्हणजे सराफ खरं बोलला?

प्रेषक: भाऊ
ते पोत बघितल्याशिवाय नाही सांगणार. सराफाचा पोरगा आहे मी.

प्रेषक: नाना
बिबट्या राहू द्या. पातेल्याजवळ कोण?

प्रेषक: ताई
मी थांबते बागेत. तिथल्या दागिन्यांच्या प्रदर्शनाला, गोल्डस्मिथ्स फेअरला, गेले होते तेव्हा हॉल बघून झालाय. पण नाना, झाकण घट्ट बसणारं आणा, मेट्रोच्या सेंट्रल लाइनवर मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रेषक: अक्का
ताई, थांबा तर थांबा, पण भिंतीकडे पाठ करून बसा.