पत्रिकेवर नायक की हवालदार?

कदम सी-२०३: गोखले सर, पंधरा ऑगस्टच्या पत्रिकेचा नमुना बघितला. 'ध्वजारोहण : नायक (निवृत्त)' हे कुणाच्या डोक्यातून आलं? सोसायटी झाल्यापासून आपण काकांना हवालदार म्हणतोय. खाली पाटीवर हवालदार आहे. छापायला दिली की अजून हातात आहे, एवढं आधी सांगा.

गोखले ए-४०२ सचिव: नमस्कार कदम. दिलेली नाही, नमुनाच आहे. काकांच्या घरपट्टी माफीच्या अर्जासाठी डिस्चार्ज बुकाची, म्हणजे लष्करातून निवृत्त होताना मिळतं त्या नोंदीच्या पुस्तकाची झेरॉक्स ऑफिसात आली होती. त्यात पहिल्या पानावर नायक आहे. कागदावर आहे तेच छापावं असं खजिनदारांचं मत पडलं.

देशमुख ए-२०२ खजिनदार: मी इतकंच म्हणालो की पत्रिकेवर सोसायटीचं नाव असतं, उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. काकांबद्दल व्यक्तिशः आदरच आहे 🙏

कदम सी-२०३: आदर आहे तर त्यांची झेरॉक्स चाळत कशाला बसलात?

देशमुख ए-२०२ खजिनदार: ऑफिसात आलेला कागद वाचायचा नाही का? न वाचता सह्या करण्याची पद्धत आधीच्या कमिटीत होती. लिफ्टच्या कंत्राटाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

भोसले सी-३०१: हे माझ्यावर आहे का?

देशमुख ए-२०२ खजिनदार: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

भोसले सी-३०१: आधीच्या कमिटीत सचिव एकच होता साहेब. नाव घ्यायची गरजच नाही.

मीना काकू सी-१०२: टाकी उद्या धुणार आहेत का परवा? पाणी भरून ठेवायचंय.

पेंडसे ए-३०१: माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

रोहित सी-४०४: नायक म्हणजे हिरोच की. भारी वाटतं उलट 😄

कदम सी-२०३: रोहित, तू गप्प बस. नायक दोन फिती, हवालदार तीन. ती तिसरी फीत मिळायला किती वर्षं जातात ते काकांना विचार.

रोहित सी-४०४: सॉरी दादा. मस्करी केली. मला तर हवालदार म्हणजे पोलिसातलेच वाटायचे.

स्नेहल बी-३०४: सगळ्यांना नमस्कार. बाबांनी सकाळी पत्रिका बघितली. मला म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, पुस्तकात तसंच आहे. मग ट्रंक खाली काढायला लावली आणि दुपारचं जेवण होईपर्यंत कागद लावत बसले. कुणावर राग नाही, पण विषय निघालाच आहे तर सांगते. ही चूक आम्ही लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं जवानांच्या नोंदी असतात तिथं, आधी दोनदा कळवली आहे. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, त्यात लिहिलंय की कागदपत्रं जोडा. आणि वर पत्ता काय, तर 'माजी नायक'.

भोसले सी-३०१: कमाल आहे! चूक दुरुस्त करा म्हणून लिहायचं आणि उत्तर चुकीच्याच नावानं यायचं.

पेंडसे ए-३०१: म्हणूनच म्हणतो, माहिती अधिकार.

देशमुख ए-२०२ खजिनदार: स्नेहलताई, गैरसमज नको. पण एक शंका. मुळात चूक आहे हे कशावरून? निवृत्त होताना वरचा हुद्दा मानद म्हणून देतात ना? माझ्या मेव्हण्याला शेवटी नायब सुभेदार केलं होतं.

सार्जंट जाधव ए-१०४: रामराम. बाहेर होतो, आत्ता वाचलं. देशमुख साहेब, तो प्रकार वेगळा. तुमचे मेव्हणे हवालदार असणार आणि निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदारी मिळाली असणार. आणखी एक आहे, एमएसीपी, म्हणजे बढती न देता पगार वाढवायची योजना. त्यात आठ, सोळा, चोवीस वर्षांनी वरच्या हुद्द्याचा पगार मिळतो, पण खांद्यावर हुद्दा तोच राहतो. काकांचं यातलं काहीच नाही. ते १९९५ ला बाहेर पडले, एमएसीपी नंतर आलं. त्यांची पक्की बढती होती. स्नेहल, पहिलं पान आणि शेवटी जिथं सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांनी वर्तणुकीचा शेरा लिहिलाय ते पान, दोन्हींचे फोटो मला पाठव. ग्रुपवर नको, मला एकट्याला. सर्व्हिस नंबर झाकून.

मीना काकू सी-१०२: टाकीचं कुणी सांगेल का

हवालदार काका बी-३०४: रामराम मंडळी मी बोलून टाइप करतोय चुका असतील माझ्यावरून भांडू नका जानेवारी पंच्याण्णवला हवा लदार झालो ऑगस्ट अखेर पेन्शनला आलो आठ महिने हवा लदारी केली दोन फितीची फीत उसवून तीन फितीची शिवली तेव्हा हिनं शिवली होती बाहीवर जुन्या फितीखालचं कापड गडद राहिलं होतं बाकीचं धुऊन धुऊन पांढरं नवीन फीत जरा मोठी म्हणून तो डाग झाकला गेला डिस्चार्ज बुक डेपोत भरत होते तिथं क्लार्कला मी म्हणालो होतो साहेब नायक नाही तो म्हणाला ऑर्डर आली की दुरुस्त होईल गाडी पकडायची होती सही करून निघालो

रोहित सी-४०४: हवा लदार 🙈 काका, सॉरी, फोनला सांगा एकत्र लिही म्हणून.

हवालदार काका बी-३०४: फोन पण ऐकत नाही बघ

कदम सी-२०३: झालं का समाधान खजिनदार साहेब? का अजून पुरावा हवाय?

देशमुख ए-२०२ खजिनदार: कदम, प्रत्येक वेळी मलाच का? पाटी रंगवायचे पैसे मीच मंजूर केले होते, 'हवालदार' असंच.

भोसले सी-३०१: पाटी माझ्या काळात झाली. रेकॉर्ड तपासा. तुम्ही फक्त बिल भरलंत, तेही दोन महिन्यांनी.

गोखले ए-४०२ सचिव: सर्वांना नम्र विनंती, विषयाला धरून बोलावे. पाटीचा इतिहास वार्षिक सभेत घेऊ.

सार्जंट जाधव ए-१०४: फोटो बघितले. पहिल्या पानावर टाइप केलेलं 'एन के', म्हणजे नायक. शेवटच्या पानावर सीओंच्या हस्ताक्षरात 'एच ए व्ही', म्हणजे हवालदार, खाली सही, गोल शिक्का, तारीख ऑगस्ट ९५. एकाच पुस्तकात दोन हुद्दे. आमच्या काळीही पुस्तक टाइप व्हायचं एका महिन्यात आणि बढतीची पार्ट टू ऑर्डर यायची तिसऱ्याच महिन्यात. तसंच झालं असावं. पार्ट टू ऑर्डर म्हणजे बढती, लग्न, मुलं, रजा, जे काही घडेल त्याची पलटणीनं काढलेली नोंद. त्यावर नंबर आणि तारीख असते. तो नंबर सापडला तर अर्धं काम झालं.

स्नेहल बी-३०४: तो नंबर आमच्याकडे नाही काका. बाबांकडे फेब्रुवारी आणि मे ९५ च्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत.

सार्जंट जाधव ए-१०४: त्यावर हुद्दा काय?

स्नेहल बी-३०४: एच ए व्ही.

सार्जंट जाधव ए-१०४: सोन्याहून पिवळं. त्या आधी स्कॅन कर. ओरिजिनल प्लास्टिकच्या पाकिटात ठेव आणि कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका, दाखवून परत घ्यायच्या.

कदम सी-२०३: मग आता तीस वर्षांची थकबाकी मिळायला पाहिजे काकांना. व्याजासकट!

सार्जंट जाधव ए-१०४: हळू. इथंच माणसं फसतात. हुद्द्याची नोंद ही एक गोष्ट, पेन्शन कुठल्या हुद्द्याची ही दुसरी. त्या काळी पेन्शनसाठी हुद्दा किमान दहा महिने धरलेला असावा लागायचा. काका आठच महिने होते. म्हणजे पेन्शन नायकाची बसली ती कदाचित नियमानंच बसली असेल. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघू, त्यात शेवटचा हुद्दा आणि पेन्शनसाठी धरलेला हुद्दा असं वेगळं दाखवलेलं असू शकतं. पैशाचं आश्वासन मी देणार नाही. कोर्टात गेलो तरी पेन्शनच्या उशिराच्या दाव्यात थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची देतात, सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात तसं सांगितलंय. पण हवालदार म्हणून बाहेर पडले हे पुस्तकावर यायलाच पाहिजे. तो हक्क वेगळा आहे.

देशमुख ए-२०२ खजिनदार: म्हणजे पैसे वाढणार नाहीत बहुधा. मग एवढी धावपळ...

*हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

कदम सी-२०३: वाचला मी.

स्नेहल बी-३०४: देशमुख काका, बाबांना पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, कुणाला नको असतात. पण दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याला जातो तेव्हा समोरचा पोरगा स्क्रीनवर बघून 'नायक ना?' विचारतो आणि बाबा 'हो' म्हणतात. घरी येऊन आईला सांगतात, आज पुन्हा खोटं बोलून आलो.

मीना काकू सी-१०२: अगं बाई. असं आहे होय. आम्हाला काय माहीत.

भोसले सी-३०१: आमच्या गावी सातबाऱ्यावर आजोबांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. फेरफार करून घेईपर्यंत वडील गेले. तेव्हा हे लवकर करा.

पेंडसे ए-३०१: माहिती अधिकार. दहा रुपये. मी कालपासून सांगतोय.

रोहित सी-४०४: काका, आजपासूनच 😄

सार्जंट जाधव ए-१०४: पेंडसे काका, तुमचं पण कामाला येणार आहे, पण नंबर दुसरा. आधी अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो. त्यांच्या पत्रासोबत अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. जोडायचं काय: पुस्तकाची दोन्ही पानं, पगाराच्या चिठ्ठ्या, पीपीओ, आधार. मागणी दोनच ओळींची: बढतीची पार्ट टू ऑर्डर तपासा आणि डिस्चार्ज बुकातला हुद्दा दुरुस्त करून द्या. मागच्या पत्रात तुम्ही पेन्शन, थकबाकी, दवाखान्याचं कार्ड सगळं एकाच कागदावर लिहिलंत ना स्नेहल?

स्नेहल बी-३०४: हो. चार पानं झाली होती.

सार्जंट जाधव ए-१०४: तिथंच अडलं. एका अर्जात एकच गोष्ट. नोंद दुरुस्त झाली की मग 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर प्रोफाइलमधला हुद्दा, आणि पेन्शनचा प्रश्न अगदी शेवटी. आता पेंडसे काका: ऑर्डर सापडत नाही असं उत्तर आलं तर माहिती अधिकारात लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नोंदीचं रजिस्टर, त्यातल्या काकांच्या नोंदीची साक्षांकित प्रत मागायची. बाकीचे कागद मुदत संपली की नष्ट करतात, लाँग रोल कायम ठेवतात.

पेंडसे ए-३०१: अर्जाचा मसुदा मी करून देतो. मराठीत, इंग्रजीत, दोन्ही.

गोखले ए-४०२ सचिव: जाधव साहेब, हुद्द्याचा घोळ मिटेपर्यंत घरपट्टी माफी अडेल का? महापालिकेत अर्ज द्यायचाय.

सार्जंट जाधव ए-१०४: नाही. राज्य सरकारची २०२० ची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना आहे ती. माजी सैनिक असणं आणि एकाच घराला माफी घेणं, हे बघतात. शिपाई काय, सुभेदार काय, सारखेच. दाखला सैनिक बोर्डाचाच लागतो. एकाच फेरीत दोन्ही कामं करा.

देशमुख ए-२०२ खजिनदार: बुधवारी मी त्याच बाजूला जाणार आहे. काकांना गाडीतून नेतो, परत आणून सोडतो. हे मनापासून म्हणतोय, कृपया कुणी वेगळा अर्थ काढू नये.

कदम सी-२०३: मी नेणार आहे. माझं ठरलंय.

देशमुख ए-२०२ खजिनदार: दुचाकीवरून? या पावसात?

कदम सी-२०३: ...

कदम सी-२०३: बरं. मी मागच्या सीटवर.

गोखले ए-४०२ सचिव: मग पत्रिकेवर काय छापू? आज रात्री प्रेसला द्यायची आहे.

कदम सी-२०३: हवालदार. चर्चाच नाही.

भोसले सी-३०१: हवालदार. माझं अनुमोदन.

देशमुख ए-२०२ खजिनदार: सीओंच्या सहीच्या पानावर आहे म्हटल्यावर माझी हरकत नाही. तसं मिनिट्समध्ये घ्यावं.

हवालदार काका बी-३०४: गोखले साहेब माजी सैनिक छापा ते दोन्ही पानांवर आहे कागद आला की पुढच्या वर्षी बघू

कदम सी-२०३: काका असं नका ना करू

हवालदार काका बी-३०४: कदम बुधवारी चिठ्ठ्या तुझ्याकडे राहतील पाकीट मांडीवर धरून बस देशमुख साहेबांच्या गाडीत एसी फार असतो कागद गार पडायला नको

मीना काकू सी-१०२: टाकी??

गोखले ए-४०२ सचिव: उद्या सकाळी साडेआठ ते बारा. सर्व विंग. कृपया नोंद घ्यावी.