मुंबई ते कारवार : खाजणातल्या खेकड्यांच्या आकाराची तुलना करायची आहे

खानापूरचा_पोरगा :
एम.एस्सी. झूलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला खाजणातला एक नांगी मोठी असलेला बारका खेकडा घेतलाय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लोरिडाकडनं मॅसॅच्युसेट्सकडं जावं तसा मिनुका पुग्नॅक्स हा तसलाच खेकडा आकारानं मोठा होत जातो, असं वाचलं. तसंच आपल्याकडं कारवार, गोव्यातली मांडवी आणि मुंबई अशा तीन खाड्यांत मोजायचं म्हणतोय. घरचे म्हणतात, बेळगाव जिल्ह्यात बसून कसले समुद्राचे खेकडे! कोणी केलंय काय असलं काम? सांगा की.

शहापूरचे_सर :
कर की. पण त्याला अक्षांशाचं लेबल लावू नकोस गा. तिकडं बारा अंशांचा पल्ला, वरच्या खाजणात हिवाळ्यात बर्फ. आपलं कारवार ते मुंबई जेमतेम चार अंश, आणि थंडी दोन्हीकडं नाहीच. इथं बदलते ती भरती. उधाणाला कारवारात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मुंबईत चारच्या वर. उतार सारखा धरला तरी मुंबईत उघडा पडणारा चिखल दुप्पट रुंद.

दुसरं गोडं पाणी. म्हादई नदी तुझ्याच खानापूर तालुक्यात देगावला उगम पावते, पुढं तीच मांडवी. कणकुंबीकडं पावसानं झोडपलं की मांडवीची खाडी आत जवळपास गोडी होते, मे महिन्यात तिथंच खारं पाणी. घरी सांग, खेकड्याच्या बिळात शिरणारं पाणी खानापूरचंच आहे.

शिवाय तीन खाड्या म्हणजे आलेखावर तीनच ठिपके. त्यातनं हवी ती रेघ ओढता येते.

कारवारवाली :
कोडीबागला कर्नाटक विद्यापीठाचा मरीन बायॉलॉजी विभाग आहे, नमुने ओळखायला आधी तिथं विचारा. एकाच चिखलात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. नर-मादी वेगळे मोजा, आणि पाठीच्या कवचाची रुंदी घ्या, नांगीची नको. तुटलेली नांगी परत येते, पण काही जातींत दिसायला तेवढीच आणि वजनाला हलकी.

बिळं मोजून खेकडे मोजल्यासारखं होत नाही, बरीच रिकामी असतात. तुमची सावली पडली की सगळे आत. न हलता उभं राहायचं. मग बिळाच्या तोंडाशी डोळ्यांच्या दोन काड्या दिसतात, आणि बऱ्याच वेळानं अंग कडेकडेनं बाहेर येतं.

खानापूरचा_पोरगा :
सर, समजा एकीकडं मोठे निघाले. तर ते पाण्यामुळं की मूळचीच जात तशी, कसं कळायचं?

शहापूरचे_सर :
नुसतं मोजून नाहीच कळायचं. दोन्हीकडची पिल्लं एकाच तापमानात वाढवावी लागतात. डेव्हिड कोनोव्हर या अमेरिकन संशोधकांनी अटलांटिकच्या मेनिडिया माशावर ते केलं. उत्तरेकडचे मासे सारख्या पाण्यात दक्षिणेकडच्यांपेक्षा भराभर वाढले, कारण तिकडं वाढीचा हंगामच आखूड. बाहेर समुद्रात मात्र दोघांचा आकार फारसा वेगळा दिसत नाही! पण खेकड्याच्या अळ्या वाढवत बसलास तर तुझी परीक्षा निघून जाईल, ते पीएच.डी.ला ठेव. आत्ता एकटी मांडवी घे. मुखापासून आत पाच-सहा जागा, डिसेंबर आणि मे, प्रत्येक ठिकाणी भरतीच्या रेषेपासून सारख्याच उंचीवर.

कारवारवाली :
खारफुटीत शिरायचं तर गोव्याच्या वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्या बसची वेळ बघूनच दिवस ठरवा.