दारावर वारलीचं रेडियम आहे, त्यावरून पीपीएफ करावं का?

वारजे_लालगाडी

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी लाल नेक्सॉन. नोकरीपायी एक्स्प्रेसवेनं पनवेलला सारखं जाणं-येणं असतं आणि घाटात खडीच्या डंपरमागे अडकले की बोनेटवर टकटक सुरू होते. पुढच्या कडेला टवके उडालेत, खालचा प्रायमर दिसायला लागलाय. म्हणून पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावून घ्यायचं ठरवलं.

अडचण अशी की डाव्या दोन्ही दारांवर पांढऱ्या रेडियममध्ये तारपा नाच आहे. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरून वळत गेलेली बायामाणसं. बोनेटच्या कोपऱ्यात मोठा सूर्य आहे. हे सगळं माझ्या धाकट्या बहिणीनं हातानं कापलंय, मशीनवर नाही, साध्या ब्लेडनं. माणसांचे हातपाय काडीएवढे, दोन-तीन मिलिमीटरचे. ती आता मेलबर्नला असते. हे गेलं तर पुन्हा तसं होणार नाही, आणि मला ते घालवायचं नाहीये.

तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला, वरून फिल्म मारतो, काही होत नाही. दुसरा म्हणाला, रेडियम काढू, फिल्म लावू, तेच रेडियम परत वर चिकटवू. तिसरा म्हणाला, चित्राभोवती फिल्म कापून देतो. दर तिघांचे जवळपास सारखेच, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. कोणाचं ऐकू?

घाटरस्ता

माझ्या गाडीला कंपनीचेच पट्टे होते, त्यावरून फिल्म लावून घेतली. निभावलं. तिरप्या उन्हात पट्ट्याच्या कडेनं बारीक पांढरट रेघ दिसते, चार पावलांवरून कळतही नाही. पण पट्टा रुंद आणि सरळ होता. तुमच्या चित्राचं मला सांगता येणार नाही, इथे रेडियमचं काम करणारे कोणी असतील तर बोलतील.

नानापेठ_रेडियम

ताई, आधी हे सांगतो की त्या दुसऱ्याचं अजिबात ऐकू नका. एकदा सोडवलेलं रेडियम परत लागत नाही. गरम करून उचलताना ते ताणलं जातं, गोंद अर्धा गाडीवर राहतो, आणि दोन मिलिमीटरचा हात तर उचलतानाच तुटतो. बारीक कटिंगचं रेडियम ज्यानं स्वतः काढलंय तो असं बोलणार नाही.

मी आधी रेडियमच कापायचो. टेम्पोच्या मागची नावं, राजमुद्रा, जय मल्हार, सगळं केलं. आता पीपीएफही लावतो, म्हणून सविस्तर लिहितो.

फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, जाडी साधारण 200 मायक्रॉन. चांगलं कास्ट (ओतून बनवलेलं) रेडियम 50 मायक्रॉनच्या आसपास, आणि बाजारात सर्रास मिळणारं कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटलेलं) त्याहून जाड, 80 ते 100. फिल्म कितीही लवचिक असली तरी रेडियमच्या कडेवरून खाली काटकोनात बसत नाही, जरा तिरकी उतरते. तेवढ्या जागेत हवा राहते, आणि घाटरस्ता म्हणतात ती पांढरी रेघ म्हणजे तीच हवा. पट्ट्याला दोन कडा असतात. तुमच्या तारप्याच्या कडा मोजायला बसा. एकेका माणसाचे दोन त्रिकोण, दोन हात, दोन पाय, बाईचा अंबाडा, शिवाय दोन पायांमधली फट. त्या फटीत फिल्म तळापर्यंत पोचतच नाही, दोन्ही पायांवर अधांतरी राहते. पांढऱ्या चित्राभोवती पांढरी हवा, तीही लाल रंगावर! माणसं सुजल्यासारखी दिसतील. बहिणीनं जो बारीकपणा कापलाय तोच जाईल.

पाण्याचं वेगळंच. फिल्म कोरडी लावत नाहीत. पाण्यात बेबी शाम्पूचे थेंब टाकून दोन्ही पृष्ठभाग भिजवतात, फिल्म सरकवून जागेवर आणतात आणि स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, पाणी बाहेर काढतात. बसवायच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारतात, म्हणजे गोंद पकड घेतो. आता दाब देऊन स्क्वीजी फिरते तेव्हा काडीएवढा पाय तिच्या वाटेत येतो. आधीच थोडा सुटला असेल तर दुमडतो, आणि फिल्मखाली दुमडलेला पाय सरळ करायला वरची फिल्म उचलावी लागते. उरलेलं पाणी सपाट जागी फिल्ममधून हळूहळू सुकतं, पण रेडियमच्या फटीत साचलेलं लवकर हलत नाही. पावसाळ्यात तर फारच वेळ लागतो.

आणि फिल्म काही जन्मभराची नाही. काही वर्षांनी ती काढायची वेळ येते. तिचा गोंद रेडियमच्या वरच्या बाजूला लागलेला असतो, फिल्म ओढली की बारीक तुकडे तिच्याबरोबरच येतात. म्हणजे वरून फिल्म लावली त्याच दिवशी चित्राची मुदत ठरली.

तिसऱ्याचं, भोवती कापण्याचं. नुसता चौकोन सोडायचा असेल आणि तो प्लॉटरवर (कापायच्या मशीनवर) आधीच कापून आणणार असेल तर चालेल. गाडीवर ब्लेड फिरवून आकृतीच्या कडेकडेनं कापतो म्हणाला तर नको म्हणा. हात कितीही सफाईचा असो, कुठेतरी ब्लेड क्लिअरकोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरतंच आणि पुढे त्या चिरेतून पाणी शिरतं. शिवाय फिल्मच्या त्या कडेला धूळ बसून काळी रेघ होते. सिंहगड रोडची धूळ असेल तर महिन्याभरात.

आता माझं मत. खडी लागते कुठे ते बघा. बंपर, बोनेटची पुढची बाजू, पुढचे फेंडर, आरशांच्या पाठी, काचेच्या बाजूचे खांब, आणि चाकांच्या मागे दारांच्या खालचा पट्टा, जिथे तुमचंच टायर खडी फेकतं. दाराच्या मधल्या भागाला खडी जवळजवळ लागत नाही. तिथे पार्किंगचे ओरखडे येतात, आणि पार्किंगवाल्यानं दार आपटलं तर पोचा फिल्म असली तरी पडतोच. म्हणून दारं मोकळी ठेवा. फक्त खालचा पट्टा, दाराची उघडणारी कड आणि हँडलच्या मागची वाटी, जिथे नखं लागतात, एवढ्यालाच फिल्म. तारपा जसा आहे तसा राहू दे.

सूर्याचं मात्र निराळं. तो खडीच्या माऱ्यात आहे आणि आकार भरीव असेल तर कड एकच. त्याच्यावरून फिल्म घ्या. पण आधी कड जवळून बघा. सूर्याभोवती काळसर, चिकट रेघ आहे का? असेल तर ते रेडियम आकसलंय आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसलीय, म्हणजे माल कॅलेंडर्ड. त्यावर फिल्म लावली तर आत आकसणं चालूच राहील आणि वरून काही करता येणार नाही.

काहीही करण्याआधी चित्र उतरवून घ्या. दारावर ट्रेसिंग पेपर चिकटवून पेन्सिलीनं कड उतरवा, सगळं चित्र तुकड्या-तुकड्यानं, आणि प्रत्येक तुकड्यावर जुळणीच्या खुणा करा. मोबाइलनं फोटो काढलात तर दाराच्या गोलाईमुळे माप चुकतं, तो फक्त आठवणीला ठेवा. ट्रेसिंग स्कॅन केलं की कोणीही रेडियमवाला प्लॉटरवर हुबेहूब कापून देईल, अगदी बहिणीचा हात जिथे थोडा वाकला तिथे वाकवून.

वारजे_लालगाडी

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभारी आहे. लगेच खाली जाऊन बघून आले. सूर्याभोवती काळी रेघ आहे. नख लावलं तर चिकट लागतं. दारांवरच्या चित्राला तसं काहीच नाही. बहिणीला मेसेज केला तर ती म्हणाली, नाच तिनं चांगल्या रोलमधून कापला होता, तो संपला म्हणून सूर्य कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या तुकड्याचा.

अजून एक. मागचं डावं दार सोसायटीत स्कूटर घासल्यामुळे रंगवून घेतलं होतं, चित्र त्यानंतर लागलं. त्या दाराच्या खालच्या पट्ट्याला फिल्म चालेल का?

पौडरोड

सूर्य काढणार असाल तर एक लक्षात घ्या. रेडियमखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो आणि भोवतालचा फिका पडतो, लाल रंगात तर हे पटकन दिसतं. माझ्या जुन्या गाडीवरचं नाव काढलं तर पॉलिश केल्यावरही ते नाव वाचता येत होतं. नवीन सूर्य त्याच जागी, त्याच मापाचा लावा, म्हणजे खूण झाकली जाईल.

नानापेठ_रेडियम

पौडरोड बरोबर सांगतायत. ताई, सूर्य असा करा. ट्रेसिंग घ्या, मग हेअर ड्रायरनं कोमट करून कडेनं हळूहळू तिरका ओढून काढा. खरवडायला प्लास्टिकची पट्टी, लोखंडी पातं नको. राहिलेल्या गोंदाला थिनर लावू नका, गोंद काढायचं औषध मिळतं ते कापडाला लावून पुसा. नवीन सूर्य कास्टमध्ये, किरणांची टोकं अगदी सुईसारखी न ठेवता किंचित गोल कापायला सांगा, म्हणजे स्क्वीजीत उचलणार नाहीत. लावल्यावर आठवडाभर ऊन खाऊ द्या, मग फिल्म. फिल्म काढायच्या वेळी हा सूर्य जाईल, पण ट्रेसिंग तुमच्याकडे असेल.

रंगवलेल्या दाराचं. रंग वाळून बरेच महिने झालेत तर लावताना अडचण नाही. ताजा रंग असता तर आतली वाफ निघेपर्यंत काही आठवडे थांबायला सांगितलं असतं. धोका काढताना असतो. गॅरेजचा रंग कंपनीच्या भट्टीतल्या रंगाएवढी पकड धरतोच असं नाही, फिल्मबरोबर पापुद्रा येऊ शकतो. मी तुमच्या जागी असतो तर त्या दाराचा पट्टा सोडून त्याखालच्या सिललाच, म्हणजे दाराच्या उंबऱ्यालाच, फिल्म घेतली असती. मागच्या चाकापुढची कमान मात्र घ्या, तिथे खडी उडते.

दुकानदाराशी बोलताना तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: फिल्म टीपीयूच आहे, बोनेट प्लॉटरवर कापून येणार आहे, आणि दारांवरच्या चित्राला कोणी हात लावणार नाही. स्वस्तात टीपीएच नावाची हलकी फिल्म देतात, लावल्यावर पहिले काही दिवस फरक कळत नाही, पुढे ती पिवळी पडते. सिरॅमिक कोटिंग आधीच केलेलं असेल तर तेही सांगा, त्यावर फिल्म नीट धरत नाही. करायचंच तर फिल्मवर करा, आणि तेव्हा दाराचं रेडियम सोडून.

दसऱ्याला बोनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढत असाल तर फिल्मवर थेट काढू नका. हळदीचा डाग फिल्मच्या वरच्या थरात मुरतो. उन्हानं तो बराच उडतो, पण कुंकवाचं सांगवत नाही. काचेवर काढा किंवा खाली विड्याचं पान ठेवा. झेंडूच्या हाराची तार बोनेटवर घासू देऊ नका, हार दोऱ्यात ओवलेला घ्या.

वारजे_लालगाडी

ठरलं. दारं मोकळी. ट्रेसिंग पेपर आजच आणते. बहीण म्हणतेय की सूर्याचं ट्रेसिंग तिला स्कॅन करून पाठव, किरणांची टोकं ती स्वतः गोल करून देईल, म्हणजे मशीननं कापला तरी चित्र तिच्याच हातचं. कास्टचा पांढरा तुकडा नाना पेठेत सुटा मिळतो का, की अख्खा रोल घ्यावा लागतो?

नानापेठ_रेडियम

सुटा मिळतो, फुटावर कापून देतात. पाठीमागच्या कागदावर कंपनी आणि मालिका छापलेली असते ती वाचून घ्या, नुसतं कास्ट आहे म्हणाले म्हणून घेऊ नका. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी या.