शब्दचर्चा: दूरच्या दीर्घिकांमधल्या 'स्टार-फॉर्मिंग रीजन'ला मराठीत काय म्हणावं?

भित्तिपत्रक

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भारताच्या खगोलनिरीक्षण उपग्रहावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवर एक भित्तिपत्रक करतोय. विषय आहे ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झालेलं संशोधन: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एयूडीएफएस०१ नावाच्या दूरच्या दीर्घिकेतून येणारा खूप कमी तरंगलांबीचा जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश टिपला, ते. मूळ मजकुरात दोन शब्द सारखे येतात, 'स्टार-फॉर्मिंग रीजन' आणि 'क्लम्प'. पहिल्याला मी 'ताऱ्यांचं पाळणाघर' केलंय आणि दुसऱ्याला 'गुठळी'. वाचणारी मुलं सहावी ते नववीची. चालेल का? आणि मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच?

शब्दपारखी

पाळणाघर नको. पाळणाघरात मूल जन्मत नाही. आईबाप कामावर गेले की ते तिथे ठेवतात आणि संध्याकाळी परत घेऊन जातात. वर्तमानपत्रांनी 'नर्सरी'चं पाळणाघर करून टाकलंय, ते तसंच पुढे चाललंय. जन्माचंच रूपक हवं असेल तर 'सूतिकागृह' आहे, पण सहावीतल्या मुलाला तो शब्द आधी समजावून सांगावा लागेल.

'गुठळी' तर मुळीच नको. गुठळी पिठल्यात होते नाहीतर रक्तात, आणि दोन्हीकडे ती नकोशीच असते.

मृगशीर्ष

शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते बघू, कारण इथे एकाच नावाखाली तीन अवस्था येतात.

तारे जन्मतात थंड, दाट वायूत. तो वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजनचे रेणू आणि सोबत धूळ. हा झाला रेणवीय मेघ. त्यातून निघालेल्या ताऱ्यांपैकी जे फार वजनदार आणि तप्त असतात, ते ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश भरपूर ओततात. त्या प्रकाशाने आसपासच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश निघतो. चकाकणाऱ्या या भागाला खगोलशास्त्रज्ञ 'एच-टू क्षेत्र' म्हणतात. पुढे वायू उधळून जातो आणि मागे उरतो नुसता तारकागुच्छ. वजनदार तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, त्यामुळे तो लाल प्रकाश दिसला की तिथे ताऱ्यांचा जन्म अगदी अलीकडे झालाय असं समजावं.

एक गंमत आहे. 'एच-टू क्षेत्रा'तला 'टू' म्हणजे रोमन दोन, इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन. शाळेत शिकवतात तो 'एच-टू' म्हणजे दोन अणूंचा रेणू. तारे जन्मतात एका एच-टूमधून आणि जन्मल्यावर भोवती दुसरा एच-टू तयार करतात! देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार. भित्तिपत्रकावर सरळ 'आयनीभूत हायड्रोजनचं क्षेत्र' लिहा.

काजवा

मृगातला तो धुरकट ठिपकासुद्धा हेच ना? बाणाच्या तीन ताऱ्यांखाली असतो तो. त्याला आम्ही तेजोमेघ म्हणतो. मग सगळीकडे 'तेजोमेघ' का नको? नवा शब्द पाडायची हौस कशाला?

मृगशीर्ष

तोच. मृगातला तेजोमेघ, एम ४२. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे आणि साधारण २५ प्रकाशवर्षं रुंद. तिथे 'तेजोमेघ' शोभतोच.

शेजारच्या दीर्घिकांपर्यंतही तो पुरतो. त्रिकोण दीर्घिकेतला एनजीसी ६०४ घ्या. अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, रुंदी सुमारे १,५००. विल्यम हर्शेलला १७८४ मध्ये तो आपल्या दुर्बिणीतून वेगळा ओळखू आला होता. मोठ्या मॅगेलन मेघातला टॅरंट्युला तेजोमेघही याच जातीचा.

अडचण पुढे येते. तेजोमेघ हा शब्द आपण मेलेल्या ताऱ्यांनाही वापरतो. वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ म्हणजे १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचे अवशेष, तिथे कुणी जन्मत नाही. आणि पूर्वी तर देवयानी दीर्घिकेलाही तेजोमेघच म्हणत. इतका सैल शब्द एयूडीएफएस०१ला लावला तर मुलांना त्यातून काय कळणार?

भित्तिपत्रक

बरं, मग क्लम्पचं काय? एयूडीएफएस०१ 'क्लम्पी' आहे असं स्पष्ट लिहिलंय. तो क्लम्प म्हणजे एनजीसी ६०४सारखीच एखादी वस्तू का?

मृगशीर्ष

खरा प्रश्न हा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एयूडीएफएस०१चा प्रकाश सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, ताम्रसृती (विश्व प्रसरताना प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) १.४२. त्या अंतरावर हबल दुर्बीण सुमारे दोन ते तीन हजार प्रकाशवर्षांपेक्षा लहान तपशील सुटा करू शकत नाही. म्हणजे एनजीसी ६०४ उचलून तिथे नेऊन ठेवला, तर हबलच्या चित्रात तो एका ठिपक्यात मावून जाईल, वर त्याचे शेजारीपाजारीही त्याच ठिपक्यात येतील. अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या जंबुपार दुर्बिणीला तर अख्खी दीर्घिकाच एक ठिपका. पुंजके दिसतात ते हबलच्या चित्रांत. अ‍ॅस्ट्रोसॅटने टिपलं ते त्यांच्यातून बाहेर निसटलेलं जंबुपार तेज. निघताना त्याची तरंगलांबी सुमारे ६० नॅनोमीटर होती, इथे पोचेपर्यंत ताणून १४५च्या घरात गेली.

म्हणून माझ्या मते हे दोन शब्द वेगळेच ठेवायला हवेत. 'रीजन' म्हणजे तिथे काय घडतंय त्याचं नाव. 'क्लम्प' म्हणजे आपल्याला काय दिसतंय त्याचं. क्लम्प ही वस्तूची जात नव्हे, चित्रातला एक उजळ गोळा, एवढंच. तो खरोखर एकच प्रचंड क्षेत्र असेल, किंवा पन्नास लहान क्षेत्रं एकमेकांत मिसळून दिसत असतील.

हे नुसतं तर्कट नाही. मधे एखादा दीर्घिकांचा समूह आला की त्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करतं आणि मागची दीर्घिका ताणून मोठी दाखवतं. अशा ताणलेल्या चित्रांत आधीचे अवाढव्य पुंजके फुटून बरेच लहान निघाले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये वेब दुर्बिणीने दाखवलेली 'फायरफ्लाय स्पार्कल' ही दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या ६० कोटी वर्षांनंतरची. भिंगामुळे तिच्यात दहा वेगवेगळे तारकागुच्छ मोजता आले. भिंग नसतं तर आपण तिलाही 'एक पुंजका' म्हणून मोकळे झालो असतो.

शब्दपारखी

तुम्ही बोलता बोलता 'पुंजका' वापरलात आणि तो कुठे खटकला नाही. तोच घ्या. कापसाचा पुंजका म्हणताना आत तंतू किती ते आपण मोजत नाही. हवा तेवढाच मोघमपणा त्यात आहे. 'झुबका'ही आहे, पण तो केसांना किंवा फुलांना बरा.

'क्लम्पी' विशेषणासाठी 'पुंजकेदार' चालेल.

रत्नप्रसू

'स्टार-फॉर्मिंग गॅलक्सी'साठी माझ्याकडून एक: वीरप्रसू, रत्नप्रसू, तसं *ताराप्रसू दीर्घिका*. 'तारे निर्माण करणारी दीर्घिका' असं म्हणत बसण्यापेक्षा सुटसुटीत.

शब्दपारखी

ऐकायला छान, आणि व्याकरणातही बसतो. पण 'वीरप्रसू' हा गौरव आहे, एकदा दिला की कायमचा. दीर्घिकेची तारे घडवण्याची अवस्था येते आणि जाते. शीर्षकात वापरा, व्याख्येत नको.

खोडदकर

'येते आणि जाते' यावरून एक भर घालतो. आमच्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून, २०२० मध्येच, अशा दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन मोजला गेला. तो २१ सेंटिमीटरच्या रेडिओ तरंगांत दिसतो. इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत फारच क्षीण, म्हणून ७,६५३ दीर्घिकांच्या संकेतांची थप्पी लावून सरासरी काढली. त्यातून दिसलं की ज्या वेगाने त्या तारे घडवत होत्या, त्या वेगाने हा वायू १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. विश्वात ताऱ्यांची निर्मिती सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी ऐन भरात होती आणि नंतर ओसरली. त्या ओहोटीचं एक मोठं कारण हे असावं.

इथे तर ना 'रीजन' दिसतो ना 'क्लम्प'. दीर्घिकाच सुटी दिसत नाही.

काजवा

त्या ऐन भराच्या काळाला इंग्रजीत 'कॉस्मिक नून' म्हणतात. त्याचं 'वैश्विक दुपार' मी एका बातमीत वाचलं आणि मला वाटलं विश्व जेवून आडवं झालं असणार.

शब्दपारखी

'विश्वाचा मध्यान्ह' करा, म्हणजे झोप येणार नाही. तसाच एक इशारा: 'स्टारबर्स्ट'चं 'तारकास्फोट' करू नका. सप्तर्षीतल्या एम ८२बद्दल 'तारकास्फोटी दीर्घिका' वाचलं की वाटतं तिथे तारे फुटताहेत. फुटत नाहीत, धडाधड जन्मताहेत. 'ताऱ्यांच्या जन्माला उधाण आलेली दीर्घिका' लांबलचक आहे खरं, पण खोटं नाही.

भित्तिपत्रक

सगळ्यांचे आभार. आता मजकूर असा केलाय, बघा:

"एयूडीएफएस०१ ही लहान वजनाची, पुंजकेदार दीर्घिका आहे. तिच्यातील उजळ पुंजक्यांत नवे तारे जन्म घेत होते. प्रत्येक पुंजक्यात एक किंवा अनेक तारानिर्मितीक्षेत्रे असू शकतात. एवढ्या अंतरावरून ती सुटी दिसत नाहीत. तप्त तरुण ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश एरवी भोवतालचा हायड्रोजन शोषून घेतो, पण इथे त्यातला २० टक्क्यांहून अधिक प्रकाश दीर्घिकेबाहेर निसटला. तोच अ‍ॅस्ट्रोसॅटने टिपला."

मृगशीर्ष

चोख. फक्त 'टिपला'च्या आधी 'सुमारे ९३० कोटी वर्षांच्या प्रवासानंतर' घाला. मुलं तिथेच थांबतील आणि प्रश्न विचारतील.

शब्दपारखी

'तारानिर्मितीक्षेत्रे'मध्ये 'ति' ऱ्हस्व करा. 'निर्मिती' एकटी असताना दीर्घ, समासात पहिल्या पदाला ऱ्हस्व: तारानिर्मितिक्षेत्रे. छापायला देण्याआधी बदला. फ्लेक्सवाला स्वतःहून बदलणार नाही.